पखवाजवालो खंय गेलो?

१९८२ साली मुंबईत एचएमव्हीने एक एलपी काढली. नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वाजवणारा माणूस एकच, चरणजित सिंग. दहा राग, प्रत्येकाला पाचेक मिनिटं. गाणं नाही, सतार नाही, तबला तर नाहीच. खाली सगळीकडे एकच धडधडता डिस्को ठेका आणि वर ललत, तोडी, मधुवंती, मालकंस. रेकॉर्ड खपली नाही आणि लोक ती विसरूनही गेले.

पुढे २००२ साली एडो बाउमन नावाच्या एका डच संग्राहकाला ती दिल्लीतल्या एका दुकानात सापडली. त्याने ती ऐकली आणि तो चक्रावला. कारण त्याच्या कानाला जे ऐकू येत होतं ते युरोप-अमेरिकेतल्या नाचघरांत १९८७ नंतर गाजलेल्या 'अ‍ॅसिड हाउस' नावाच्या संगीतासारखं होतं, आणि रेकॉर्डवर साल होतं १९८२! २०१० मध्ये त्याने 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या छोट्याशा लेबलवर ती पुन्हा काढली. तेव्हापासून ही तबकडी 'कल्ट' झाली. ही बनवाबनवी आहे, कुणीतरी युरोपातल्या माणसाने जुन्या भारतीय रेकॉर्डचं सोंग आणलंय, अशाही वावड्या उठल्या. एफेक्स ट्विनसारख्याचं नावसुद्धा घेतलं गेलं. इकडे चरणजित सिंग मुंबईत आपल्या घरी मजेत होते आणि लग्नसमारंभांत वाजवत होते.

ही रेकॉर्ड मी गेली काही वर्षं अधूनमधून ऐकतो आहे. देवबागला, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर. इथे पर्यटकांच्या होड्यांवर दिवसभर जे वाजत असतं त्यापेक्षा हे बरं, असं म्हणून सुरुवात झाली होती. पण मग प्रश्न पडायला लागले. चाळीस वर्षांहून जुनी, यंत्रावर वाजवलेली, दोन दिवसांत उरकलेली ही चीज अजून शिळी का वाटत नाही? त्या काळातली कितीतरी डिस्को गाणी आज ऐकली की हसू येतं. याचं येत नाही.

आधी यंत्रांबद्दल थोडं सांगतो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढच्या दोन परिच्छेदांवरून उडी मारावी.

चरणजित सिंग यांच्याकडे तीन जपानी यंत्रं होती, तिन्ही रोलँड कंपनीची. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ताल वाजवणारं यंत्र आणि टीबी-३०३ ही खर्जाची पेटी. ही यंत्रं त्यांनी सिंगापूरहून आणली होती. टीआर-८०८ बाजारात आलं १९८० ला, बाकीची दोन १९८१ ला. म्हणजे जगातसुद्धा फार थोड्या लोकांनी ती हाताळली होती तेव्हा ती मुंबईत येऊन पडली होती. गंमत अशी की ८०८ आणि ३०३ ही दोन्ही यंत्रं त्या वेळी फसलेली म्हणूनच ओळखली गेली. ८०८ चा ढोल खऱ्या ढोलासारखा वाजत नाही अशी तक्रार, आणि ३०३ चा बास गिटार तर कुठल्याच बाजूने बास गिटार वाटत नाही. ते यंत्र बनवलं होतं एकट्या गिटारवाल्याला सरावाला साथ मिळावी म्हणून. साथीदार म्हणून त्याचा काही उपयोग झाला नाही आणि १९८४ मध्ये ते बंद पडलं. सगळी मिळून दहा हजारांच्या आसपास बनली असतील.

पण त्या ३०३ मध्ये दोन गोष्टी होत्या. एक, प्रत्येक आकृतीत सोळा घरं. एकेका घरात एकेक सूर भरायचा आणि कळ दाबली की ते सोळा सूर पुन्हा पुन्हा फिरत राहायचे. दुसरी गोष्ट 'स्लाइड'. या सुरावरून त्या सुरावर उडी न मारता घसरत जायचं. आता मला सांगा, सोळा मात्रांचं आवर्तन आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं हे वर्णन ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला काय आठवेल? तीनताल आणि मींड! (जाणकारांनी लगेच काठी उगारू नये. सोळा घरं म्हणजे तीनताल नव्हे हे मलाही कळतं. त्याकडे पुढे येतोच.)

शिवाय ही यंत्रं तारांनी एकमेकांना जोडता येत. तालाच्या पेटीने लय धरली की बाकीच्या दोघी तिच्याबरोबर मुकाट चालत. म्हणजे उजवा हात मोकळा. त्या मोकळ्या हाताने चरणजित सिंग यांनी राग वाजवले. त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितलेलं कारण अगदी साधं आहे. सिनेमात तेव्हा डिस्कोच डिस्को चालू होतं, म्हटलं काहीतरी वेगळं करावं, राग घ्यावेत, ठेका डिस्कोचा ठेवावा आणि तबला बंद करावा. क्रांती वगैरे शब्द त्यांच्या तोंडी कुठेही नाहीत.

आणि डिस्को खरोखरच सगळीकडे होतं. १९८० च्या 'कुर्बानी'त बिद्दू यांनी केलेलं नाझिया हसनचं गाणं गाजलं, १९८१ मध्ये तिची 'डिस्को दीवाने' आली, आणि १९८२ संपता संपता बप्पी लाहिरींचा 'डिस्को डान्सर'. त्याच १९८२ मध्ये तिकडे न्यूयॉर्कला आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्स यांची 'प्लॅनेट रॉक' ही तबकडी आली. इलेक्ट्रो-फंक म्हणतात त्या प्रकाराची ती जवळजवळ आद्य रेकॉर्ड. जर्मनीच्या क्राफ्टवर्क या गटाची धून घेतली, खाली तेच ८०८ लावलं, आणि ब्राँक्समधली पोरं नाचायला लागली. एकच यंत्र, एकच वर्ष. तिकडे त्यातून हिपहॉपचा एक मोठा फाटा फुटला, इकडे एलपी दुकानात धूळ खात पडली.

३०३ ची कथा आणखी मजेशीर. बंद पडलेली ही पेटी अमेरिकेत जुन्या बाजारात मातीमोल भावात मिळायला लागली. शिकागोच्या फ्यूचर नावाच्या तिघा तरुणांनी ती घेतली, बटणं नको तितकी पिळली, आणि त्यातून जो किरकिरा, चिखलात पाय फसल्यासारखा आवाज निघाला त्यावर बारा मिनिटांची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' १९८७ मध्ये काढली. तिथून अ‍ॅसिड हाउस हे नाव रूढ झालं.

आता आपल्याकडे, विशेषतः नातेवाइकांच्या गटांत, 'अ‍ॅसिड हाउसचा शोध भारतात लागला' अशी ढकलपत्रं येतात. पुष्पक विमानाच्या शेजारीच ती बसवायची. माझं मत स्पष्ट आहे. शिकागोच्या त्या पोरांनी चरणजित सिंग यांचं नावही ऐकलेलं असण्याचं कारण नाही. आणि चरणजित सिंग यांनाही आपण हाउस म्हणून काही करतोय असं वाटलं नव्हतं. तो शब्दच तेव्हा जन्मला नव्हता. एकाच आडाचं पाणी दोन घरांनी भरलं, एवढंच. एकाने त्याची कढी केली, दुसऱ्याने सोलकढी. शोध कुणाचा या भांडणात रेकॉर्ड ऐकायची राहून जाते.

ऐकताना काय होतं ते सांगतो. मालकंस लावा. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. पाचच सूर, रे नाही, प नाही. नाचाच्या संगीतात खालचा खर्ज एकाच जागी घुटमळत राहतो, हार्मनी बदलत नाही. पाश्चात्त्य कानाला ते कधीकधी रिकामं वाटतं. पण राग हा मुळात बदलत्या हार्मनीवर उभाच नाही. षड्ज हलत नाही, त्याच्याभोवती बाकीचे सूर फिरतात. त्यामुळे यंत्राचा कंटाळवाणेपणा आणि रागाची स्थिरता यांचं इथे जमून गेलं. तानपुरा तरी दुसरं काय करतो? तासन् तास तेच सूर छेडत राहतो आणि तो कंटाळवाणा आहे असं कुणी म्हणत नाही. ३०३ चा तो गोलगोल फिरणारा खर्ज मला तानपुऱ्याच्या नात्यातला वाटतो, जरा वात्रट पुतण्या म्हणा.

दुसरं, त्यांनी रागांच्या सिनेमातल्या धुना केल्या नाहीत. मोह सहज झाला असता. हा माणूस वर्षानुवर्षं शंकर-जयकिशन, एस. डी. आणि आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत गिटार, बास आणि कळफलकाची वाद्यं वाजवत होता. गाजलेल्या गाण्यांच्या वाद्यधुनांच्या एलपीही त्याने काढल्या होत्या. यमन म्हटल्यावर हाताखाली शंभर गाणी येत असतील. पण इथे तो सुरांची वाढ करत जातो, छोट्या छोट्या आकृत्या घेऊन. वादकाला सिनेमात चार ओळींची जागा मिळते. इथे पाच मिनिटं सगळी त्याची. ही मोकळीक ऐकू येते.

वेळेचा मात्र पुरता बट्ट्याबोळ. दुसऱ्या बाजूला मेघ मल्हार, मग यमन, कलावती, मालकंस आणि लगेच बैरागी. पावसाळा, संध्याकाळ, रात्र आणि थेट सकाळ, सगळं पंचवीस मिनिटांत! आमच्याकडे दशावतारी नाटकातसुद्धा मध्यरात्रीचं युद्ध आणि पहाटेचा दहिकाला यांच्यामध्ये एखादी डुलकी निघते. इथे तेवढीही सोय नाही.

हा राग म्हणायचा का, हा वाद आपल्याकडे नवा नाही. पेटीला आपण आज आपलीच मानतो. नाट्यसंगीत तर ऑर्गन आणि पेटीशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. 'मानापमान'चं (१९११) संगीत देणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीचे बादशहा. पण त्याच पेटीवर आकाशवाणीने १९४० पासून बंदी घातली होती आणि ती उठायला १९७१ उजाडावं लागलं. आक्षेप काय, तर बारा ठरलेले सूर, श्रुती नाहीत, मींड नाही, विदेशी यंत्र. हेच आक्षेप ज्युपिटर-८ ला जसेच्या तसे लागू पडतात, फक्त मींडेचा सोडून. म्हणजे एका अर्थाने ही जपानी पेटी आपल्या लाडक्या पेटीपेक्षा रागाला जवळची! हे मी मालवणात एका भजनी मंडळींच्या बैठकीत बोललो तर चहा मिळाला, पण भजी मिळाली नाहीत.

खरा आक्षेप मला वेगळ्याच ठिकाणी ऐकायला मिळाला. आमचे एक चुलत आजोबा आहेत. आयुष्यभर डबलबारीच्या भजनांत पखवाज वाजवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, एकाने म्हणायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, रात्र सरेपर्यंत. अभंग होतात, गौळण होते आणि मग गजर. गजरात एकच ओळ घोळवत घोळवत लय चढवत नेतात, पखवाज, झांजा आणि टाळ्या अशा एका टोकाला पोचतात की बसलेला माणूस गुडघ्यावर उभा राहतो. नाचाचं संगीत म्हणजे काय हे आम्हां सिंधुदुर्गवाल्यांना शिकागोकडून शिकायची गरज नाही.

त्यांना मी मालकंस ऐकवला. डोळे मिटून त्यांनी अर्धा ऐकला. मग म्हणाले,

"सूर मालकंसाचो आसा. हात बरो आसा त्येचो. पण पखवाजवालो खंय गेलो?"

मी म्हटलं, "आजोबा, तो नाहीच. यंत्र आहे."

"ताच इचारतंय. खंय गेलो तो?"

मग थोड्या वेळाने, "ह्येका दम लागणा नाय. माणूस दमता, म्हणान लय चढता."

मला पहिल्यांदा हे विनोदी वाटलं आणि नंतर अजिबात नाही. कारण यात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही अचूक होत्या.

एक संगीतातली. तीनतालात सोळा मात्रा असतात, पण नवव्या मात्रेवर खाली असते. तिथे डग्गा गप्प बसतो, वजन निघून जातं, आणि म्हणून समेवर परत येण्याला अर्थ राहतो. डिस्कोच्या ठेक्यात चारही ठोके भरीव. खाली नाही. मागे काढलेल्या सोळा घरांच्या गोष्टीचं उत्तर हे. चरणजित सिंग यांनी तबला बंद केला तेव्हा नुसता एक आवाज बंद केला नाही, आवर्तनातला श्वास काढून टाकला. त्याच्या जागी दुसरं काहीतरी आलं, न थांबणाऱ्या गाडीत बसल्यासारखं. लय चढत नाही, उतरत नाही, आणि वरचा सूर त्या गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत राहतो. मला ते आवडतं. पण आजोबांना जे हरवलेलं दिसलं ते खरोखरच हरवलेलं आहे.

दुसरी गोष्ट माणसांची. मुंबईच्या सिनेमासंगीतात तेव्हा पन्नास-साठ, कधी शंभर वादकांचे ताफे असत. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस, तिथे सकाळी माणसं जमायची आणि गाणं एका दमात वाजवून व्हायचं. त्यात आमच्या शेजारच्या गोव्याची माणसं किती! सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्या हाताखाली प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि ज्यांचं नाव १९७७ मध्ये अमिताभच्या तोंडी आलं. सिंथेसायझर आणि तालयंत्रं आली, ट्रॅक वेगवेगळे ध्वनिमुद्रित व्हायला लागले, आणि नव्वदच्या दशकात हे ताफे जवळजवळ संपले. एका माणसाने तीन पेट्यांवर दहा राग वाजवले ती रेकॉर्ड त्या वाटेवरचा अगदी सुरुवातीचा दगड आहे. आणि तो दगड ठेवणारा माणूस त्याच ताफ्यातला एक वादक!

१९८२ म्हटलं की आमच्या घरांत कुणाला रेकॉर्ड आठवत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि त्यातले किती तरी कोकणचे चाकरमानी. मालवणच्या पट्ट्यात मनिऑर्डरी आटल्या. हे आजोबासुद्धा त्यातलेच, परळहून ते गावी आले ते कायमचे. गिरणी आणि सिंथेसायझर यांचा काही थेट संबंध नाही, कुणी जोडू नये. पण "पखवाजवालो खंय गेलो" हा प्रश्न त्यांच्या तोंडी आला तेव्हा तो नुसता वाद्याबद्दलचा नव्हता, इतकं मला कळलं.

मग ही रेकॉर्ड आवडून घ्यायची की नाही? मी घेतो. चरणजित सिंग यांनी कुणाची भाकरी काढायला ती केली नव्हती. हौस म्हणून केली, स्वतःच्या पैशांच्या यंत्रांवर, आणि तिच्यातून त्यांना त्या वेळी काही मिळालंही नाही. एलपी खपली नाही याचं कारण मला तरी सरळ दिसतं. शास्त्रीयवाल्यांनी 'डिस्को' वाचून ती खाली ठेवली, डिस्कोवाल्यांना गाणारी बाई हवी होती. शिवाय कॅसेटचा जमाना सुरू झाला होता. आमच्याकडे डबलबारीच्या कॅसेटी घरोघर आल्या, एलपी मात्र फोनो असलेल्या घरापुरतीच राहिली.

आणि तिला आता जो भाव आलाय त्यात थोडा अचंब्याचाही भाग आहे, 'अरेच्चा, भारतात? १९८२ ला?' असा. हा अचंबा मला जरा खटकतो. रोलँडचं यंत्र टोकियोहून शिकागोला गेलं तर साहजिक आणि मुंबईला आलं तर चमत्कार, असं का? मुंबईचे वादक पन्नास वर्षं जगातलं प्रत्येक नवं वाद्य हाताळत आले होते. केरसी लॉर्ड यांनी सिंथेसायझर चरणजित यांच्याही आधी सिनेमात आणला होता. अचंबा ओसरल्यावरही जे ऐकावंसं वाटतं ते मात्र खरं, आणि माझा तर पंधरा वेळा ऐकून ओसरलाय.

शेवटची काही वर्षं बरी गेली त्यांची. सत्तरी उलटलेला हा माणूस युरोपात गेला, तीच जुनी यंत्रं पुढ्यात घेऊन मंचावर बसला, आणि नातवाच्या वयाची पोरं यमनवर नाचली. त्यांना यमन म्हणजे काय हे ठाऊक नसणार. जुलै २०१५ मध्ये मुंबईत चरणजित सिंग गेले, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर.

ऐकायची असेल तर आधी कलावती ऐका, मग मालकंस. मेघ मल्हार इथल्या पावसात ऐकून पाहिला, पण पत्र्यावरच्या आवाजापुढे ८०८ चा काही निभाव लागला नाही.

आणि मुंबईकर नातेवाइकांना एक विनंती. १९८२ ची मूळ प्रत आता परदेशात चढ्या भावाने जाते. गिरगाव, दादर, लालबाग, जिथे कुठे माळ्यावर जुन्या एलपींचं गाठोडं असेल ते भंगारवाल्याला देण्याआधी एकदा सोडून बघा. सापडली तर विकू नका, आधी मला फोन करा. आजोबांना ती खऱ्या फोनोवर ऐकायची आहे. यंत्रावर ऐकून ते काही मत देणार नाहीत म्हणतात.